रत्नदीप थूलचे दोन तास

रत्नदीप थूल ड्युटीवर निघाला की दारातच थांबून खिसे चाचपतो. शर्टाचा एक, पँटचे दोन, मागचा एक. पाकीट घेतलं की नाही हे बघायला नव्हे, तर नको ते काही राहून गेलं का हे बघायला. काडीपेटी, लायटर, बिडीचं बंडल. तो स्वतः बिडी ओढत नाही. पण साळ्याच्या लग्नात कोणीतरी धरायला दिलेली काडीपेटी एकदा त्याच्या खिशातच राहिली आणि दुसऱ्या दिवशी डेपोच्या गेटवर निघाली. तिथं तासभर उभं राहून जे काही ऐकावं लागलं, ते त्याला अजून शब्दाला शब्द पाठ आहे.

पुलगावजवळच्या दारूगोळ्याच्या डेपोत तो बावीस वर्षं मजूर आहे. पेट्या उचलायच्या, लावायच्या, पुन्हा उचलायच्या. आत काय चालतं ते तो घरी सांगत नाही, आणि नाचणगावात त्याला कोणी विचारतही नाही. सकाळी आत जाताना झडती, संध्याकाळी बाहेर येताना झडती. दोन्ही हात वर करून उभं राहायचं, शिपाई खांद्यापासून घोट्यापर्यंत हात फिरवतो, मग पुढे. इतक्या वर्षांत हे त्याच्या अंगवळणी असं पडलं, की घरी बायको नलूनं शर्टाचं माप घ्यायला दोरा आणला तरी याचे हात आपोआप वर जातात आणि ती हसत सुटते.

आत मोबाईल चालत नाही. म्हणून गेटासमोर, रस्त्याच्या पल्याड, सदाशिवरावांच्या चहाच्या हॉटेलात तीस-चाळीस जणांचे मोबाईल दिवसभर पडून असतात. हॉटेल म्हणजे टिनाचं शेड आणि दोन बाकडी. भिंतीला एक लाकडी मांडणी, खुराड्यासारखे तिचे खण, पुढे जाळीचं दार, दाराला कुलूप. रत्नदीपचा खण सतरा नंबरचा, त्याच नंबरचं टोकन त्याच्याजवळ. दिवसभर त्या मांडणीतून कधी भीमगीत वाजतं, कधी हनुमान चालिसा, कधी नुसतं टिंग टिंग. सदाशिवराव एकही फोन उचलत नाहीत.

"लोकाईचा फोन हाय बाप्पा," ते म्हणतात. "कोनाची बायको, कोनाचा सायेब. आपुन उचलला का भानगड गयात."

रत्नदीपची पौर्णिमा, घरात पोर्णी, एकुलती एक. यंदा दहावी झाली, एक्क्याऐंशी टक्के पडले. लहान होती तेव्हा बाप सायकलवरून उतरला की ती आधी डब्याची पिशवी ओढून घ्यायची. डब्यात बापानं मुद्दाम ठेवलेला अर्धा घास, गुळाचा खडा, कधी झाडाखाली सापडलेलं मोराचं पीस. आणि मग गोष्ट. आतली नव्हे, आतल्या जंगलाची. माकडानं कोणाचा डबा पळवला, कोणत्या शिपायाच्या पुढ्यात रोही, म्हणजे नीलगाय, येऊन उभा राहिला. नवव्या वर्गापर्यंत हे चाललं. दहावीच्या शिकवणीसाठी मोबाईल घेतला, आणि कधीतरी डब्याची पिशवी नलू उचलू लागली. नेमकं कधी, ते रत्नदीपलाही सांगता येणार नाही.

मे महिन्यात एका संध्याकाळी तो सांगत होता. माकडाचीच गोष्ट, पण या वेळी माकडानं थेट सुपरवायझरचा चष्मा नेला होता. चष्मा घालून माकड झाडावर बसलं इथपर्यंत तो आला, आणि पौर्णिमा खाली मान घालून "हं, हं" म्हणत होती. तो मध्येच थांबला. ती आणखी एकदा "हं" म्हणाली.

त्यानं गोष्ट तिथंच सोडली.

दुसऱ्या दिवशी सुटीनंतर तो पोरीचा आणि स्वतःचा, दोन्ही मोबाईल घेऊन बाजारात प्रफुलच्या दुकानात गेला. प्रफुल सदाशिवरावांचा मुलगा, मोबाईल दुरुस्त करतो. त्यानं दोन्ही फोनांत पालकांसाठीचं एक ॲप टाकून दिलं. दिवसाचे दोन तास. ते संपले की पोरीचा फोन फक्त फोन. लावा आणि उचला, बाकी सगळं बंद. जास्त वेळ हवा असेल तर तिनं मागायचा, बापाच्या मोबाईलवर निरोप येणार, बापानं 'हो' दाबायचं.

"हे त आमच्या गेटपाससारखंच हाये बे," रत्नदीप खूश होऊन म्हणाला.

"सेम टू सेम, काका. तुमच्याशिवाय पान हालत नाई."

घरी नलूनं ऐकलं आणि भाकरी थापता थापता म्हणाली, "पोरगी हाये का बारूद हाये? तुमाले त साऱ्याच गोष्टीत भडका दिसते."

"भडका झाल्यावर बोलजो मंग."

पौर्णिमा भांडेल असं त्याला वाटलं होतं. त्यानं तयारीही केली होती. ती भांडली नाही. फोन हातात घेऊन तिनं पाहिलं, एवढंच म्हणाली, "बरं." आणि आत गेली. त्या 'बरं'नं रत्नदीपला जेवण गोड लागलं नाही. पण नियम म्हणजे नियम.

सुट्टीचे दिवस होते. तिचे दोन तास दुपारपर्यंत संपायचे, साडेपाचला बाप घरी आला की ती पंधरा मिनिटं मागायची आणि तो द्यायचा. दिवसा मागून उपयोग नव्हता, कारण 'हो' म्हणणारा फोन सतरा नंबरच्या खणात असायचा. ही एवढी मोठी फट बापाच्या ध्यानात आली नाही, प्रफुलच्या आली नाही, आणि तोवर काही अडलंही नाही.

जुलैत पॉलिटेक्निकची यादी लागली. पौर्णिमाला पहिल्याच फेरीत सिव्हिलला जागा मिळाली, सरकारी, रोज रेल्वेनं जाऊन-येऊन करता येईल अशी. पुढच्या फेरीत कुठं लागेल याचा नेम नव्हता, आणि लांब होस्टेलला ठेवायला रत्नदीप तयार नव्हता. म्हणजे हीच जागा. पोर्टलवर जाऊन ती 'कबूल' करायची होती, शेवटची तारीख दुसऱ्या दिवसाची.

"घाई करू नको," रत्नदीप म्हणाला. "उद्या मी आलो का बसू. बटन मी दाबीन."

त्यानं सेक्शनमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी इंजिनेर होऊन राह्यली म्हणून. बटण दाबायचा मान त्याला हवा होता. तारीख दोघांनी पाहिली. वेळ कोणीच पाहिली नाही.

त्या दिवशी पौर्णिमाचे दोन तास बाराच्या आतच गेले. खरं सांगायचं तर अर्ध्याहून जास्त वेळ ती नखं रंगवायचे व्हिडिओ बघत होती. पावणेदोनला तिची मैत्रीण काजल हिचा फोन आला.

"पोर्णी, केलं का वो तू कबूल?"

"संध्याकाळी करतो. बाबा आले का."

"संध्याकाळी काय करतं, पोथी वाचतं का? पाचपर्यंतच हाये!"

पौर्णिमानं जास्तीचा वेळ मागितला. 'तुमची विनंती पालकांना पाठवली आहे.' पुन्हा पुन्हा मागितला. बापाला फोन लावला. तो वाजला आणि बंद झाला. सदाशिवराव फोन उचलत नाहीत हे तिला माहीत होतं, तरी अकरा वेळा लावला. आई निंदायला वावरात गेली होती, तिचा साधा मोबाईल घरी खुंटीला. मग ती पळत चौकातल्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या केंद्रात गेली. तिथं रक्षाताई बसते. तिनं आपल्या कंप्युटरवर पोर्टल उघडलं, नंबर टाकला.

"ओटीपी सांग."

पौर्णिमाच्या हातातला फोन थरथरला.

"आला, ताई."

"मंग सांग न."

"दिसत नाई."

"आला अन् दिसत नाई? असा कसा?"

"आतमंदी आला. बाबानं बंद केला हाये."

रक्षाताईनं तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "तुह्या बाबाले म्हना, ओटीपीले तरी गेटपास द्या," ती म्हणाली. मग पोरीचा चेहरा बघून हसणं आवरलं. "जाय, सायकल काढ. बापाले धर. अडीच वाजले."

डेपोच्या गेटापर्यंत सायकलनं पाऊण तास. मध्ये चेन पडली. सव्वातीनच्या पुढं पौर्णिमा सदाशिवरावांच्या हॉटेलाशी उतरली, काळ्या झालेल्या हातांनी.

"काका, मी रत्नदीप थूलची पोरगी. बाबाचा फोन द्या न."

"टोकन?"

"टोकन बाबाजवळ. मले फक्त एक बटन दाबाचं हाये."

"नाई जमत बाई. बायको आली तरी देत नाई मी." मग त्यांनी तिला बाकड्यावर बसवलं, पाण्याचा गिलास पुढे केला. "होऊन काय राह्यलं? सतरा नंबर दोपारपासून नाचून राह्यला."

तिनं सांगितलं. सदाशिवरावांना अर्धं कळलं, अर्धं नाही, पण पाचाची वेळ मात्र नीट कळली.

"अन् हे ॲप कोनं टाकून देल्लं?"

"प्रफुलदादानं."

"माह्याच गधड्यानं का?" त्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात सकाळपाळीचा एक माणूस टोकन घेऊन आला. त्याचा फोन काढून दिला, आणि त्याच पावली सदाशिवराव चपला फटफटवत गेटाकडे निघाले. "बस इथंच. मी सांगतो शिपायाले."

जाळीचं दार उघडंच राहिलं.

पौर्णिमा बसली होती तिथून सतरा नंबर हातभर अंतरावर होता. तिच्याच विनंत्यांनी बापाचा फोन उजळत होता, विझत होता. तो उघडायचा कसा हे तिला माहीत होतं. तो फोन नवा आणला तेव्हा तिनंच चालू करून दिला होता, ठिपक्यांची ती आकृतीही तिनंच ठरवली होती. भिंतीवरच्या घड्याळात तीन पस्तीस झाले होते. तिनं हात मांडीखाली घेतले आणि रस्त्याकडे तोंड करून बसली.

गेटवरच्या शिपायानं आधी मान हलवली. "ड्यूटी टाइम है, चाचा."

"बेटी आयी है उसकी. सायकल चला के. दसवीं पास है, उसका पूरा साल जा रहा है."

शिपायालाही मुलगी असावी. त्यानं आत फोन फिरवला.

आत सुपरवायझर रत्नदीपला एवढंच म्हणाला, "थूल, गेटवर तुझी पोरगी आली आहे." बावीस वर्षांत गेटवरून त्याला एकदाच बोलावणं आलं होतं, त्याचे वडील चिंधू गेले त्या दिवशी. हातातली पेटी त्यानं हळूच खाली ठेवली, कारण तिथं पेटी हळूच ठेवावी लागते. अर्ध्या दिवसाची सुटी लिहून दिली, पास घेतला आणि सेक्शनपासून गेटापर्यंतचं ते लांब अंतर जवळजवळ पळतच आला. गेटवर थांबावं लागलंच. झडती चुकत नाही, घरात कोणी गेलं असलं तरी.

रस्त्यापलीकडून पौर्णिमा पाहत होती. बापानं दोन्ही हात वर केले होते. शिपाई बगलेपासून खाली चाचपत होता, कमरेशी, पोटऱ्यांशी, आणि बाप हात वर ठेवूनच तिच्याकडे बघत होता, काय झालं म्हणून मानेनं विचारत होता. तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं, हसली होती, आईच्या दोऱ्याच्या गमतीसकट.

रत्नदीप रस्ता ओलांडून आला. "माय बरी हाये न तुही?"

"बरी हाये."

"मंग कोन?"

"कोनी नाई, बाबा. सारे बरे हायेत. वेळ पायजे."

"कायचा वेळ?"

"फोनचा. कबूल करायची वेळ पाचपर्यंत हाये. रात्रीपर्यंत नाई."

त्याला आधी हसू आलं की रडू, हे सांगता येत नाही. तो बाकड्यावर धपकन बसला. सदाशिवरावांनी टोकन न मागताच फोन त्याच्या हातात दिला. चार वाजून बारा मिनिटं. रत्नदीपनं बोट फिरवलं, चुकलं. पुन्हा फिरवलं, चुकलं. घामानं बोट घसरत होतं. पाचव्यांदा चुकलं तेव्हा फोननं सांगितलं, तीस सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करा.

तिघंही ते तीस सेकंद मोजत राहिले. चहा उतू गेला, सदाशिवरावांनी बघितलाही नाही.

"खालून सुरू करा, बाबा," पौर्णिमा हलकेच म्हणाली. "डाव्या कोपऱ्यातून. मंग वर."

फोन उघडला. चौदा विनंत्या होत्या. त्यानं चौदाही मान्य केल्या. तिचा फोन जागा झाला, पोर्टल उघडायला पाच मिनिटं लागली, मग ते मध्येच अडकलं, मग पुन्हा उघडलं. ओटीपी आला आणि या वेळी दिसला. शेवटचं बटण आलं तेव्हा तिनं फोन बापापुढे धरला.

"दाबा. तुमीच म्हनत होते न."

रत्नदीपनं अंगठा पँटला पुसला आणि दाबलं. हिरव्या अक्षरांत जागा कबूल झाल्याचं आलं. चार चौतीस.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

"बस एवढंच?"

"एवढंच असते, बाबा."

सदाशिवरावांनी नवा चहा ठेवला. कप पुढे करताना ते रत्नदीपला म्हणाले, "थूलभाऊ, एक सांगू? मी घाईत जाळी उघडीच टाकून गेलतो. बुढा झालो. येऊन पाह्यतो त पोरगी पाठ करून बसली. फोनले बोट नाई लावलं."

"तिले कुठं येते माहा फोन उघडता," रत्नदीप म्हणाला, आणि बोलता बोलताच थांबला. खालून सुरू करा. डाव्या कोपऱ्यातून. त्यानं पोरीकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"मीच त टाकून देल्लं होतं."

"पयल्या दिवसापासून?"

"हो."

"मंग रोज पंधरा मिंटं मांगत काऊन बसत होती? मी झोपलो का आपल्या हातानं घ्याचे होते."

पौर्णिमानं कपातल्या चहाला फुंकर मारली. "एकदा घेतले असते त तुमाले दिसले असते. मंग तुमी रोज माहा फोन चाचपला असता." ती गेटाकडे बघत होती. तिथं दुसरा कोणी हात वर करून उभा होता. "मले घरात झडती नाई पायजे, बाबा."

रत्नदीपनंही गेटाकडे पाहिलं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात त्याला त्या झडतीची लाज वाटायची. मग केव्हातरी ती गेली. कुठं गेली, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. नलूलाही सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. आज पोरीनं त्याला पलीकडून पाहिलं, आणि बावीस वर्षांपूर्वीची ती लाज जागच्या जागी परत आली.

"मले काई भडक्याचं भेव नवतं," तो म्हणाला. "तुह्या मायले मी तसं सांगतलं. नवतं तसं."

"मंग?"

"तू डबा उघडत नाई आता." त्याला ते बोलताना अवघड जात होतं, म्हणून तो कपाशी बोलत होता. "मी ते चष्म्याची गोष्ट सांगून राह्यलो होतो. तू नुसती हं हं करत होती."

पौर्णिमा त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हंजे माकडापायी माहा फोन बंद केला तुमी?"

सदाशिवराव तोंडाला गमछा लावून मांडणीकडे वळले. रत्नदीप आधी ओशाळला आणि मग त्यालाही राहवलं नाही. तो इतका हसला, की गेटवरच्या शिपायानं मान वर करून पाहिलं.

"अन् चष्मा भेटला का सायबाचा?" तिनं विचारलं.

"तुले आता काऊन पायजे?"

"सांगा न."

"भेटला. एक काच नवती."

पाचची ऊन-सावली होती. दोघं दोन सायकलींवर नाचणगावच्या रस्त्याला लागले. बाजूला कपाशी गुडघ्यापर्यंत आली होती, निंदणाऱ्या बाया बांधावर पाणी पीत होत्या. त्यात नलू आहे का, हे दोघांनीही पाहिलं. नव्हती. पोरीची चेन पुन्हा कुरकुरायला लागली तेव्हा रत्नदीपनं सायकल हळू केली.

"मंग किती ठेवाचे?" त्यानं विचारलं.

"काय?"

"तास."

"तुमी सांगा. तुमी बाप."

"मी सांगून पाह्यलं न एकदा. आता तू सांग."

तिनं खरोखरच विचार केला. रेल्वेचं फाटक येईपर्यंत केला. फाटक पडलेलं होतं, मालगाडी यायची होती. दोघं उतरून उभे राहिले.

"तीन," ती म्हणाली. "कॉलेजचं काम त्यात धराचं नाई."

"अडीच."

"तीन. आजच्यासारखं नखाईत घालवत नाई मी."

"नखाईत?"

"काई नाई. तीन."

"पावनेतीन. अन् जेवतानी फोन नाई."

"चालते. तुमचाबी नाई मंग. तुमी जेवतानी किरकेट पाह्यता."

"ते त नुसता स्कोर असते."

"मायले विचारू का?"

मालगाडी आली. डब्यामागून डबे, बोलणं ऐकू येईना. रत्नदीप सायकलीच्या दांड्यावर कोपर टेकून उभा होता आणि पोरीकडे न बघता, गाडीचे डबे मोजतोय असं दाखवत, क्रिकेटचं काय करायचं याचा विचार करत होता. शेवटचा डबा गेला. फाटक वर व्हायला लागलं.

"पाह्यतो," तो म्हणाला. "विचार करून सांगतो."

"सांगा," पौर्णिमा पायडलवर पाय ठेवत म्हणाली, "जेवायपर्यंत सांगा," आणि रूळ ओलांडून पुढे निघाली.